फाशीघरापुढची मागणी

"वृंदा, तुम्हाला कारल्याची भाजी आवडते का हो?"

बोट अजून धक्क्यावरून सुटलीही नव्हती. पोर्ट ब्लेअरच्या बंदरातून वाइपर बेटाकडे निघालेल्या त्या बोटीत आमच्या सहलीची सगळी मराठी मंडळी केशरी लाइफ जॅकेटं चढवून बसली होती, आणि मुद्दाम माझ्या शेजारची जागा पटकावून बसलेले शिराळकर काका मला कारल्याबद्दल विचारत होते.

"नाही आवडत," मी म्हटलं.

"बरं झालं. मलाही नाही. तुमच्या आईंना मात्र फार आवडते."

"तुम्हाला कसं माहीत?"

काका जरा गडबडले. "कुंदाताई म्हणाल्या बहुतेक," असं पुटपुटून त्यांनी खिशातून आवळा सुपारीची डबी काढली आणि माझ्यापुढे धरली. आल्यापासून त्यांचं हेच चाललं होतं. आधी एक प्रश्न, मग आवळा सुपारी. सकाळी लवकर उठता का? राग आला की बोलता की गप्प बसता? घरात पाहुणे आलेले चालतात का? मी वरवर हसून उत्तरं देत होते आणि मनात म्हणत होते, काका, ताकाला जाऊन भांडं लपवू नका.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं होऊन गेली. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, कराडच्या एका शाळेत भूगोल शिकवत होते, आणि स्थळांना नकार देण्यात अख्ख्या गावात माझा हात कुणी धरला नसता. बाबा गेल्यावर घरात आई आणि मी दोघीच उरलो होतो. कुणी पत्रिका घेऊन आलं की माझं उत्तर तयार असे, "मी गेले तर आई एकटी पडेल." यापुढे कुणाचं काही चालत नसे. नातेवाईक डोळे टिपत, मुलगी असावी तर अशी म्हणत, आणि आल्या पावली पत्रिका परत नेत. मला त्या उत्तराचा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू?

सहल ठरवली होती कुंदामावशीने. ही आईची धाकटी बहीण, सांगलीला राहते. तिच्या यजमानांना बोट लागते, म्हणून ते आले नाहीत. पण त्यांचे मित्र शिराळकर आले. वीज मंडळातून निवृत्त झालेले, उंच, खांद्यात किंचित वाकलेले, कडक इस्त्रीच्या हाफशर्टाला पेन लावून समुद्रावर फिरणारे. मावशी त्यांना 'भावोजी' म्हणायची, नवऱ्याच्या मित्राला म्हणतात तसं. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा नागपूरला इंजिनियर, एवढी माहिती तिने मला विमानातच पुरवली होती, आणि ती पुरवताना खिडकीबाहेर बघत होती. आमच्या मावशीला खोटं बोलता येतं, फक्त समोरच्याच्या तोंडाकडे बघून येत नाही.

नागपूरला इंजिनियर म्हटल्यावर पाणी कुठं मुरतंय ते मी ओळखलं. मुलाला पुढे न करता बापाने आधी एकट्याने येऊन मुलगी पारखायची, तीही चारचौघांत, सहलीच्या निमित्ताने, म्हणजे नकार आला तरी कुणाचं नाक खाली व्हायला नको. युक्ती मावशीची होती यात शंका नव्हती. आईही सामील असावी, कारण आई नवीन आकाशी साडी नेसून, पायात बूट घालून, माझी नजर चुकवत बसली होती. तिचे गुडघे अलीकडे बरेच सुधारले होते. दर महिन्याला ती मावशीकडे जाऊन सांगलीच्या कुण्या वैद्यांचं औषध घेत असे, त्याचा गुण आला होता. मी ठरवलं, बेटावर पोचलो की शिराळकरांना गाठायचं आणि विषय एकदाचा संपवायचा.

आदल्या दिवशी आम्ही सेल्युलर जेल पाहिला होता आणि अख्खी सहल रडून रडून दमली होती. त्यामुळे आज सगळ्यांना जरा हसायचं होतं. आमचा वाटाड्या बशीर त्या बाबतीत पुरा पडणारा होता. तिथलाच, चौथ्या-पाचव्या पिढीचा, जन्मठेपेच्या कैद्यांच्या वंशातला. मराठी सहली फिरवून फिरवून त्याने 'चला चला', 'पाय बघून' आणि 'टोपी सांभाळा' एवढं मराठी कमावलं होतं. त्याची पणजी साताऱ्याची होती, असं त्याने सुरुवातीलाच छातीवर हात ठेवून सांगितलं. बायका हरखल्या. पुढे बेटावर एका बंगाली सहलीला तीच पणजी बरद्वानची म्हणून भेटली, ते सोडा.

बोट बंदराच्या मधोमध आली तसा बशीर उभा राहिला आणि पलीकडच्या किनाऱ्याकडे बोट करून म्हणाला, तिकडे बायकांचा तुरुंग होता. खून करून आलेल्या, नवऱ्याला विष घातलेल्या, पोर विहिरीत टाकलेल्या, आणि काही न करताही आलेल्या. पुरुष कैद्याने बरीच वर्षं नीट वागून काढली की त्याला जमिनीचा तुकडा मिळे, झोपडी बांधता येई. मग तो अर्ज करी, मला लग्न करायचंय. ठरल्या दिवशी तुरुंगाच्या अंगणात बायका ओळीने उभ्या राहत आणि हे बाप्ये आंघोळ करून, दाढी करून त्यांच्यासमोरून चालत जात. जी आवडेल तिच्यापुढे थांबायचं. दोन शब्द बोलायचे. पटलं तर साहेब नोंद करून घेई.

"म्हणजे आपल्यासारखंच की," मागून एक बाई म्हणाल्या. "पोहे देत होते का विचारा."

बोटभर हशा पिकला. शिराळकर हसले नाहीत. ते कानाची पाळी चोळत समुद्राकडे बघत राहिले.

तेवढ्यात आईने हात वर केला. आमची आई, जी हॉटेलात पाणी मागतानाही आधी माझ्याकडे बघायची. तिने आपल्या कराडी हिंदीत विचारलं, "भैया, औरत को ना बोलने को आता था क्या?"

"बिलकुल, माताजी. ना बोल सकती थी. बहुत सारी बोलती थीं."

"और हां बोलना हो तो? किसको पूछना पडता था?"

बशीर हसला. "किसको पूछेगी, माताजी? मायबाप, बालबच्चे, सब समंदर के उस पार. हां बोलना हो तो खुद बोलो."

आई "अस्सं" म्हणाली आणि तिने पदर सारखा केला. मावशीने तिच्या हातावर हात ठेवला. मला वाटलं, दोघी मिळून मलाच ऐकवतायत. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

वाइपर बेट तसं एवढंसं. धक्क्यावर उतरलं की डावी-उजवीकडे पडझड झालेल्या भिंती, विटांत मुळं रुतवून बसलेली झाडं, आणि वर टेकडीवर घुमटाची एक तांबडी इमारत. बशीरने चढ चढता चढता सांगितलं, सेल्युलर जेल बांधायच्या कितीतरी आधीपासून इथे तुरुंग होता. कैद्यांच्या पायांत बेड्या असत आणि त्या सगळ्या मिळून एका साखळीत ओवलेल्या. एकाला पाणी प्यायचं तर सगळ्यांनी चालायचं, एक पडला तर सगळे थांबायचे. वरची तांबडी इमारत म्हणजे फाशीघर. पुढे मोठा तुरुंग झाला आणि हे बेट ओस पडलं.

फाशीघर म्हटल्यावर मंडळी जरा गंभीर झाली, आत डोकावली, कुणी हात जोडले, आणि मग सहलीच्या रिवाजाप्रमाणे फोटो काढून खाली नारळपाण्याकडे वळली. मी मुद्दाम मागे राहिले. शिराळकरही राहिले. फाशीघराच्या पायऱ्यांशी आम्ही दोघंच उरलो.

"वृंदा," ते म्हणाले, "मला तुम्हाला एक विचारायचंय. जागा काही बरी नाही, पण चार दिवस प्रयत्न करतोय, तुम्ही एकट्या सापडतच नाही."

त्यांनी आवळा सुपारीची डबी उघडली, मिटली. बिचाऱ्यांची दया आली, म्हणून मीच घोडं पुढे दामटलं.

"काका, तुम्ही काय विचारणार ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. आणि माझं उत्तर नाही असं आहे."

त्यांचा चेहरा असा पडला की मला वाईट वाटलं. "नाही?" ते म्हणाले. "एकदम नाहीच?"

"तुम्ही माणूस म्हणून मला आवडलात. पण मला लग्नच करायचं नाही. मी गेले तर आई एकटी पडेल. तुमच्या मुलाला माझ्यापेक्षा चांगली मुलगी मिळेल."

काकांनी पायरीवर बूड टेकलं.

"आमच्या विनयला?" ते म्हणाले. "अहो, त्याचं लग्न होऊन आठ वर्षं झाली. जुळ्या मुली आहेत त्याला."

"मग तुम्ही मला कारल्याचं कशाला विचारताय?"

"कुंदाताई म्हणाल्या, आधी ओळख वाढवा. वृंदाचं मन वळलं तर सगळं होईल." ते आता माझ्याकडे न बघता आपल्या बुटांकडे बघत होते. "मला कुणाशी ओळख वाढवायची सवय नाही. पस्तीस वर्षं मी ट्रान्सफॉर्मरशी बोललोय. तुमच्या आईंनी सांगितलंय, वृंदा हो म्हणाली तरच. म्हणून विचारायला आलो होतो."

मी एवढी भूगोलाची बाई, रोज मुलांना दिशा शिकवणारी, आणि माझंच उत्तर दक्षिणेला गेलं होतं. मला आधी हसू आलं. मग ते कुठल्या कुठे गेलं. मी "आलेच" म्हटलं आणि उतार उतरायला लागले.

आई झाडाखाली एका पडक्या कठड्यावर बसली होती. शेजारी मावशी चकली खात होती. माझा चेहरा पाहून तिने चकली पिशवीत टाकली. "मी जरा तो वरचा इतिहास बघून येते," ती म्हणाली. अख्ख्या सहलीत तिने एकही पाटी वाचली नव्हती.

"आई," मी विचारलं, "सांगलीचे वैद्य कोण?"

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "वैद्य नाहीत."

"आणि गुडघे?"

"गुडघे दुखत होते, ते खरं आहे. पण आम्ही संध्याकाळचे कृष्णेच्या घाटावर फिरायला जातो ना, त्याने मोकळे झाले."

आमच्या घरात 'आम्ही' म्हणजे आई आणि मी. बाबा गेल्यापासून त्या शब्दात तिसरं कुणी नव्हतं. आता तो तिच्या तोंडून इतक्या सहज दुसऱ्याच कुणासाठी आला, आणि मला राग आला. खरंच आला. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"कुठल्या तोंडाने सांगू? माझ्यासाठी तू एवढी स्थळं परतवलीस. तुला कसं सांगू, बाई गं, मी एकटी पडणार नाही, मला कुणीतरी भेटलंय?"

"मग त्यांना नाही म्हणायचंस."

"नाहीच म्हटलं. म्हटलं, आधी वृंदाचं होऊ दे. ते म्हणाले, थांबतो. वर्ष होत आलं. तू काही जागची हलेनास." आई आता माझ्याकडे सरळ बघत होती. "कुंदा म्हणाली, तुम्ही मायलेकी एकमेकींच्या वॉर्डन झालाय. ती बाहेर पडली की मी पडेन, असं दोघी दाराशी उभ्या राहून म्हणताय. मला काही सुचेना, म्हणून म्हटलं, तूच ठरव. तू नाही म्हणालीस तर मी त्यांना आजच सांगते. मला त्याचं काही वाटणार नाही."

"वाटणार नाही?"

आईने पदराचं टोक सोडलं आणि पुन्हा गुंडाळलं. मी तिच्या शेजारी बसले. खाली नारळवाल्यापाशी मंडळी भाव करत होती.

"तुला ते आवडतात का?" मी विचारलं. तिच्याशी या आवाजात मी कधी बोलले नव्हते. शाळेतल्या मैत्रिणीशी बोलावं तशी बोलले.

"त्यांच्यापुढे तुझ्या बाबांचं नाव काढताना मला चोरी वाटत नाही," ती म्हणाली. "ते त्यांच्या बायकोचं सांगतात, मी ह्यांचं सांगते. हसतोसुद्धा. घरात मी नाव काढलं की तू रडवेली होतेस आणि उठून आत जातेस. म्हणून घरात मी तुझ्या बाबांबद्दल बोलणंच सोडलंय, वृंदा. इतकी वर्षं."

मला हे माहीत नव्हतं. मी तिला जपत होते असं मला वाटत होतं, आणि ती बिचारी आपल्याच घरात आपल्या नवऱ्याची आठवण गिळून बसली होती. मी तिचा हात धरला. तो घामेजला होता. पन्नाशी ओलांडलेली माझी आई माझ्या होकाराकडे डोळे लावून बसली होती, आणि मला त्या क्षणी तिची फार माया आली.

"चल," मी शेवटी म्हटलं. "बोट सुटेल."

परतीच्या बोटीत मी शिराळकरांच्या समोर जाऊन बसले. आई आणि मावशी बाजूला. काका शिक्षा ऐकायला आल्यासारखे ताठ बसले होते.

"काका, मी मुलीकडची. तेव्हा रीतसर विचारावं लागेल," मी म्हटलं. "व्यसन?"

त्यांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हळूच डबी वर केली. "हे एवढंच."

"तब्येत?"

"साखर आहे. ताब्यात आहे."

"स्वयंपाक?"

"आमटी चांगली होते. पोळ्यांचे नकाशे होतात."

"मी भूगोल शिकवते, नकाशे चालतील. घोरता का?"

"वृंदा, पुरे," आई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"मुलीने मध्ये बोलू नये," मावशीने दटावलं. मग काकांकडे वळून म्हणाली, "काय भावोजी, घाम फुटला का? चार दिवस नुसती घाई चालली होती तुमची. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. नशीब, ह्या नवरीचे गुडघे तरी आता बरे आहेत."

आई हसली. पदर तोंडाला न लावता, मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. बाबा गेल्यापासून तिचं ते हसणं मी ऐकलं नव्हतं. मागच्या बाकावरच्या बाई वाकून विचारू लागल्या, काय झालं हो?

"पसंती झाली," मी म्हटलं.

त्यांना वाटलं माझीच. त्यांनी मला तिथल्या तिथे पेढ्याऐवजी खोबऱ्याची वडी भरवली.

काकांनी रुमालाने चेहरा पुसला. "मुलाकडून एक विचारलं तर चालेल?"

"विचारा."

"तुम्हीही याल ना सांगलीला? खोली रिकामी आहे. शाळा तिथेही आहेत."

"नाही काका. माझी नोकरी, माझं घर कराडला आहे. मी तिथेच राहीन."

"एकट्या?"

त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं. इतकी वर्षं जो शब्द मी आलेल्या प्रत्येक पत्रिकेच्या तोंडावर फेकत आले, तो पहिल्यांदाच माझ्याकडे आला. आई एकटी पडेल, आई एकटी पडेल. आई कधी पडणार नव्हती. तिने घाट शोधला होता, सोबत शोधली होती. एकटं पडायची भीती वाटत होती ती मला, आणि हे मला त्या बोटीत, ओठाला खोबरं चिकटलेलं असताना कळलं.

"एकटीच," मी म्हटलं. आवाज बरा लागला.

आईने सगळं ओळखलं. आया ओळखतात. तिने फक्त वाऱ्याने माझ्या तोंडावर आलेले केस कानामागे सारले. बशीर 'चला चला, पाय बघून' म्हणत लोकांना उतरवायला लागला होता.

त्या उन्हाळ्यात सांगलीच्या नोंदणी कार्यालयात आईचं लग्न झालं. साक्षीदार म्हणून एक सही मावशीची, एक विनयची आणि एक माझी. कारकुनाने मला विचारलं, वधूशी नातं? मी 'मुलगी' म्हटलं, तसा तो पेन धरून माझ्याकडे बघत राहिला. विनयच्या जुळ्या मुली हार कुणाच्या गळ्यात घालायचा यावरून भांडल्या आणि शेवटी दोन्ही हार काकांच्याच गळ्यात पडले. आईने माझ्या हातात श्रीखंडाचा डबा दिला, रडणार नाही म्हणाली आणि रडली. मी संध्याकाळच्या एसटीने निघाले.

कराडला उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. कुलूप काढलं, चपला काढल्या, आणि सवयीने दारातूनच हाक मारली, "आई, आले गं."

घर गप्प होतं. स्वयंपाकघरात ओटा पुसलेला, पातेली पालथी घातलेली. मी दिवा लावला. पिशवी खाली ठेवली. बाबांच्या फोटोसमोर उभी राहिले आणि त्यांना सगळं सांगितलं, कार्यालय, हार, कारकून, सगळं. मोठ्याने सांगितलं. त्या घरात त्यांच्याशी असं मोठ्याने बोलताना मला पहिल्यांदा रडू आलं नाही. मग फोन लावला.

आईने पहिल्याच घंटीला उचलला. "आलीस का?"

"आले."

"एसटीत बसायला मिळालं?"

"मिळालं."

मागून काकांचा आवाज येत होता, आमटीत गूळ किती घालायचा ते विचारत होते. "थांबा हो," आई त्यांना म्हणाली आणि मग आवाज खाली आणून मला विचारलं, "भीती वाटतेय?"

"थोडी," मी म्हटलं.

"मलाही," आई म्हणाली. "जेवून घे. आणि झोपताना कडी आतून लाव."